मुंबईच्या जुन्या मलवाहिन्या बदलायच्या तर पैसा कुठून आणायचा?

खाडीकाठ

मुंबईच्या जमिनीखाली सुमारे २००० किलोमीटर मलवाहिन्या आहेत. शहर भागातल्या काही विटांच्या, अंडाकृती, ब्रिटिश काळात बांधलेल्या आहेत आणि त्यांतून आजही मैला वाहतो. उपनगरांत नंतरच्या काळातले खापराचे आणि सिमेंटचे पाइप आहेत, त्यांचंही वय झालं आहे.

१९ जानेवारी २०२३ रोजी सात मलप्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं. वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ आणि वर्सोवा १८०, मिळून रोज २४६४ दशलक्ष लिटर. बांधकामाचा खर्च सुमारे १७ हजार कोटी, पुढे १५ वर्षं चालवायचा खर्च वेगळा. ही केंद्रं फार आधी व्हायला हवी होती. वरळी आणि वांद्र्याला आपण इतकी वर्षं जाळीतून कचरा अडवून, रेती काढून बाकी सगळं समुद्रात तीन किलोमीटरवर सोडत आलो.

पण केंद्रापर्यंत मैला आणणाऱ्या वाहिन्यांचं काय? त्यांचं भूमिपूजन होत नाही. रस्ता खचला की तेवढा तुकडा बदलतात. माझं मत असं: नीट टाकलेली मलवाहिनी पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त टिकते, म्हणून तिचा खर्च एका वर्षाच्या करातून काढू नये. घर घेताना आपण वीस वर्षांचं कर्ज काढतो, तसंच इथे दीर्घ मुदतीचे पालिका रोखे काढावेत आणि ते फेडण्यासाठी मलनिःसारण आकाराचा (पाण्याच्या बिलासोबत मैला वाहून नेण्यासाठी घेतात त्या शुल्काचा) ठरावीक हिस्सा कायद्याने राखून ठेवावा.

तुम्हाला काय वाटतं? खड्ड्यांची चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर.

गिरगावची_चाळ

चांगला विषय. आमच्याकडे हाउस गल्लीतली (इमारतींमागच्या अरुंद बोळातली) जोडणी अजून खापराच्या पाइपाची आहे. मुख्य वाहिनी बदलली तरी इमारतीपासून मॅनहोलपर्यंतचा तुकडा कोणाचा, यावर मालक आणि भाडेकरू वर्षानुवर्षं भांडतात. पागडीच्या इमारतीत मालकाला भाडं मिळतं नाममात्र, तो दुरुस्ती करत नाही. भाडेकरू म्हणतात जागा आमची नाही. या शेवटच्या वीस-तीस फुटांचा पैसा तुमच्या रोख्यांत धरलाय का?

मुलुंडकर_नितीन

वाचतोय. जेवताना उघडला होता, आता हात धुऊन परत येतो.

अर्थवेडा

धागाकर्त्यांशी सहमत नाही. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका कर्ज कशाला काढेल? २०२२ च्या सुमारास पालिकेच्या मुदत ठेवी ९० हजार कोटींच्या पुढे होत्या. त्या कमी झाल्या असल्या तरी अजून प्रचंड आहेत. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले ते ७.५९ टक्क्यांनी. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटी उभे केले ते ८.१ टक्क्यांनी. घरात पैसा असताना बाहेरून व्याजाने आणायचा? आधी ठेवी वापरा, मग कर्जाचं बघू.

लेखाजोखा

अर्थवेडा, ठेवींचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा असं बरंच काही आहे. त्याला हात लावता येत नाही. उरलेल्या ठेवींवर सागरी किनारा मार्ग, जोडरस्ते, काँक्रीटीकरण, हीच मलप्रक्रिया केंद्रं असे दावेदार रांगेत आहेत. हाती घेतलेल्या प्रकल्पांची एकूण देणी दोन लाख कोटींच्या वर गेली आहेत. ठेवी म्हणजे आधीच वाटून झालेला पैसा.

उत्पन्नाची बाजूही बघा. १ जुलै २०१७ पासून जकात गेली. तिची भरपाई राज्याकडून येते, ती आपल्या हातात नाही. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. राहता राहिलं बांधकामाचं अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डर भरतो ते शुल्क. ते बाजार तेजीत असला की येतं, मंदी आली की आटतं. पन्नास वर्षांच्या कामासाठी मला हा आधार भरवशाचा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र जमेची. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचा अर्थसंकल्प 'जी' म्हणून आधीपासून वेगळा मांडला जातो, म्हणजे खातं वेगळं करण्याचं निम्मं काम झालेलं आहे. त्यात मलवाहिन्यांच्या नूतनीकरणाचा स्वतंत्र, न हलवता येणारा निधी तयार करणं एवढंच राहिलं आहे.

सांताक्रूझ_पूर्व

एवढं सगळं बोलून दर पावसाळ्यात कमरेएवढं पाणी भरतं ते भरतंच. आधी पाणी तुंबणं थांबवा. २६ जुलै २००५ ला आम्ही दोन दिवस माळ्यावर काढले.

निवृत्त_अभियंता

ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण ती व्यवस्था वेगळी आहे आणि तिचा पैसाही वेगळा आहे. मुंबईत पावसाच्या पाण्याची जाळी आणि मैल्याची जाळी स्वतंत्र आहेत. पावसाच्या पाण्यासाठी ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ मध्ये आला, बरीच वर्षं पडून राहिला, आणि २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर केंद्राकडून १२०० कोटी मंजूर झाले. हाजी अली, ईर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया ही पंपिंग स्टेशनं त्यातून झाली. मलवाहिन्यांना अशी जाग आणणारी एकच मोठी घटना कधी घडत नाही. त्या गुपचूप खराब होतात, म्हणून त्यांना पैसा मिळत नाही.

त्या कशा खराब होतात तेही सांगतो, कारण पैशाचा हिशेब त्यावरच आहे. मैला साचून राहिला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. पाइपाच्या वरच्या ओल्या भागावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीटचा माथा आतून खाल्ला जातो. वरून रस्ता ठणठणीत दिसतो. मग एके दिवशी पाइपाचं छत बसतं, भोवतालची माती आत वाहून जाते आणि रस्त्याला भगदाड पडतं. जुन्या विटांच्या वाहिन्या या बाबतीत जास्त टिकल्या. अंडाकृती आकार तळाशी निमुळता असतो, त्यामुळे थोडा प्रवाह असला तरी वेग राहतो आणि गाळ बसत नाही. त्यांचा कच्चा दुवा विटांमधला चुना, तो झिजतो.

आता खर्च. रस्ता खणून नवा पाइप टाकताना पाइपाची किंमत एकूण खर्चात मागे पडते. वीज, गॅस, दूरध्वनीच्या केबली हलवणं, पाण्याच्या लाइनी सांभाळणं, वाहतूक वळवणं, चालू मैला पंपाने पुढच्या मॅनहोलमध्ये टाकत राहणं आणि शेवटी रस्ता पूर्ववत करणं, पैसा इथे जातो. म्हणून जिथे पाइपाचा आकार पुरेसा आहे तिथे न खणता आतून अस्तर लावतात. राळेत भिजवलेली नळी जुन्या पाइपात सोडून गरम पाण्याने किंवा वाफेने कडक करायची. जिथे लोकवस्तीच दुप्पट-तिप्पट झाली आहे तिथे अस्तराने भागत नाही, मोठा पाइपच टाकावा लागतो.

त्यामुळे माझं म्हणणं, रोखे नंतर. पहिला पैसा कॅमेऱ्याने सगळ्या वाहिन्यांची तपासणी करण्यात घाला. कुठली वाहिनी किती खराब आहे याची पक्की यादी नसेल तर कर्ज देणारा कशाच्या भरवशावर देईल?

अर्थवेडा

यादीचा मुद्दा शंभर टक्के पटला. ठेवी अडकलेल्या आहेत हेही मान्य, पण मग काटकसर कुठे करायची हा प्रश्न कोणी विचारत नाही. एकाच वेळी सगळे मोठे प्रकल्प हाती घेतले तर कुठलाच पूर्ण होत नाही. जमिनीखालचं काम आधी आणि रस्त्याचं काँक्रीट नंतर, हा क्रम लावला तरी किती पैसा वाचेल. नवा काँक्रीट रस्ता फोडून मलवाहिनी टाकणं हा दुहेरी खर्च आहे.

पार्ल्याची_सेक्रेटरी

+१. क्रमाचा मुद्दा सोन्यासारखा.

मी सोसायटीचं काम बघते, म्हणून बिलाचा हिशेब मांडते. घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला सहा रुपयांच्या आसपास आहे आणि मलनिःसारण आकार पाण्याच्या बिलाच्या ७० टक्के. पाच माणसांचं कुटुंब माणशी १३५ लिटर वापरत असेल तर महिन्याला साधारण २० हजार लिटर. पाण्याचे १२० रुपये, मैला वाहून नेण्याचे ८५. आमच्या इमारतीत प्रत्येक घर केबल आणि इंटरनेटला याच्या कितीतरी पट देतं.

२०१२ च्या धोरणानुसार पाण्याचे दर वर्षाला कमाल ८ टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. पण वाढीचा विषय निघाला की तो पुढे ढकलला जातो. मला महिन्याला पन्नास रुपये जादा द्यायला काही वाटणार नाही. अट एकच, ते पन्नास रुपये आमच्या वॉर्डाच्या कोणत्या वाहिनीत गेले हे मला वर्षअखेर दिसलं पाहिजे.

टेकडीवरची_सुनंदा

पार्ल्याच्या ताई, तुमचा हिशेब इमारतीचा झाला. मी भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत राहते. २०११ च्या जनगणनेत मुंबईची ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत मोजली होती. आमच्याकडे मलवाहिनी बदलायचा प्रश्नच येत नाही, कारण ती मुळात नाही. सार्वजनिक शौचालयाखाली टाकी आहे. ती भरली की मैला नाल्यात, आणि नाला खाडीत. घरात पैसे साठवून संडास बांधला तरी त्याचा पाइप नाल्यातच सोडावा लागतो.

तुम्ही आकार वाढवाल, रोखे काढाल, आणि तो पैसा जिथे आधीच वाहिनी आहे तिथली वाहिनी नवी करण्यात जाईल. आमची पाळी कधी? लोक पैसे देत नाहीत असं म्हणू नका. जागतिक बँकेच्या मदतीने जो मलनिःसारण प्रकल्प झाला, त्यातल्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात लोकांनी माणशी १०० रुपये भरून शौचालयं बांधून घेतली आणि मंडळं करून चालवली. आजही प्रत्येक वापराचे पैसे आम्ही देतोच. महिन्याचा हिशेब केला तर ताईंच्या ८५ रुपयांपेक्षा आमच्या घराचे जास्त होतात.

खाडीकाठ

सुनंदाताई, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. निधीचा ठरावीक वाटा जिथे वाहिनी नाही तिथे नवी टाकण्यासाठी बांधून ठेवायला हवा. नाहीतर २४६४ दशलक्ष लिटरची केंद्रं उभी राहतील आणि वस्त्यांचा मैला नाल्यातून खाडीतच जात राहील.

वेसावकर

खाडीत जे येतं ते आमच्या जाळ्यात येतं. मालाडच्या खाडीत माझ्या आजोबांच्या वेळी शिंपल्या काढायला बायका ओहोटीला जात. आता पाण्यात पाय घातला की खाज सुटते. प्रकल्पाचा खर्च मोजताना कोळीवाड्यांनी गमावलेलं उत्पन्न कुणी मोजत नाही. ते मोजलंत तर वाहिन्या न बदलणं जास्त महाग पडतंय हे कळेल.

मुलुंडकर_नितीन

हात धुऊन आलो. :) खासगी कंपन्यांना का देत नाही? नमामि गंगेत तसंच केलंय ना?

लेखाजोखा

नितीन, तिथे हायब्रिड अ‍ॅन्युइटी पद्धत आहे. बांधकामाच्या काळात सरकार ४० टक्के देतं, उरलेले ६० टक्के कंपनी उभे करते आणि तिला ते १५ वर्षांत हप्त्याने व्याजासह मिळतात, केंद्र नीट चाललं तरच. मथुरेत तर शुद्ध केलेलं पाणी रिफायनरीला जातं. केंद्रासाठी ही पद्धत उत्तम, कारण आत काय आलं आणि बाहेर काय गेलं ते मोजता येतं. शंभर गल्ल्यांत पसरलेल्या जुन्या वाहिन्यांना ती लावणं कठीण. वाहिनी तुंबली तर दोष कंपनीचा, की त्यात राडारोडा टाकणाऱ्याचा, यावर पंधरा वर्षं वाद चालेल. वाहिन्यांचा पैसा पालिकेनेच उभा करावा असं माझं मत आहे.

वऱ्हाडी_माणूस

शुद्ध पाणी विकायचा विषय निघाला म्हणून लिहितो. नागपूरकरांनी हे करून दाखवलं. भांडेवाडीच्या मलप्रक्रिया केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. वीज केंद्राचं धरणाचं पाणी वाचलं आणि पालिकेला उत्पन्न आलं. मुंबईत नवी सात केंद्रं होतील तेव्हा पाणी विकत घेणारे आधीच ठरवून घ्या न भाऊ.

चेंबूर_नाका

मुंबईतही उदाहरण आहे. आमच्याकडच्या आरसीएफ या खत कारखान्याने फार पूर्वीच शहराचं सांडपाणी घेऊन, स्वतः शुद्ध करून कारखान्यात वापरायला सुरुवात केली. पण मोठे कारखाने आता मुंबईत उरलेत किती? गिरण्या गेल्या, बरेच उद्योग गेले. इथे ग्राहक म्हणजे बांधकामं, रेल्वेची धुलाई, बागा, मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणा. त्यातून चालवण्याचा काही खर्च निघेल, वाहिन्या बदलण्याएवढा पैसा निघेल असं वाटत नाही.

दादर_पश्चिम

पुनर्विकासाकडे कुणी वळलंच नाही अजून! आमच्या गल्लीत तीन मजली इमारती पाडून वीस-बावीस मजल्यांचे टॉवर उभे राहतायत. जिथे बारा बिऱ्हाडं होती तिथे सत्तर-ऐंशी. प्रत्येक घरात दोन-तीन न्हाणीघरं. रस्त्याखालची वाहिनी तीच. बिल्डर विकास शुल्क भरतो, जादा चटईक्षेत्राचं अधिमूल्य भरतो, पण ते पालिकेच्या मोठ्या तिजोरीत जातं. त्याच गल्लीची वाहिनी मोठी करण्यासाठी ते राखलेलं नसतं. शिवाय उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या) इमारतींसाठी विकास नियमावलीत असलेल्या ३३(७) सारख्या योजनांत जादा चटईक्षेत्र प्रोत्साहन म्हणूनच मिळतं, म्हणजे जिथे जुनी वाहिनी आणि दाटी दोन्ही आहेत नेमका तिथेच पैसा कमी येतो.

माझी सूचना: परवानगी देताना त्या वाहिनीवर किती भार वाढणार ते लेखी काढा आणि तेवढा खर्च त्याच वाहिनीच्या नावाने वेगळा जमा करून घ्या.

निवृत्त_अभियंता

दादरकर, सूचना योग्य. फक्त एक भर. एका टॉवरसमोरची वाहिनी मोठी करून काही होत नाही, पुढची लहान राहिली तर मैला तिथे तुंबतो. पैसा पाणलोटानुसार गोळा करायला हवा, म्हणजे एका पंपिंग स्टेशनकडे जाणारा सगळा भाग एकत्र धरून. शुल्काचा दरही त्या भागाच्या गरजेप्रमाणे ठरवावा.

लंडनचा_निनाद

इथलं सांगतो. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचं कामकाज अवघड झालं. मग तीस लाख पौंडांचं कर्ज उभं करून अभियंता बॅझलगेटच्या मलवाहिन्या बांधल्या. फेड ४० वर्षांत, घरपट्टीवर जादा कर लावून. त्या वाहिन्या आजही चालू आहेत. अलीकडे पूर्ण झालेल्या २५ किलोमीटरच्या टाइडवे या मैल्याच्या बोगद्याचा पैसा खासगी गुंतवणूकदारांनी घातला आणि वसुली ग्राहकांच्या बिलातून, बोगदा पुरा होण्याआधीपासूनच सुरू झाली. लोक त्यावर चिडलेले आहेत. पहिली पद्धत मला जास्त न्याय्य वाटते.

अंबरनाथ_लोकल

मुंबईला रोखे कुणीही देईल. आमच्यासारख्या छोट्या नगरपालिकांना कोण देणार? उल्हास नदीत मैला आमचाही जातोच.

चेन्नईहून_मीरा

अंबरनाथकर, तामिळनाडूत २००२ मध्ये डझनभर लहान नगरपालिकांनी मिळून एकत्रित रोखे काढले होते. एकटीला कुणी विचारलं नसतं, एकत्र आल्यावर बाजारातून पैसा मिळाला. मुंबई महानगर प्रदेशात हे सहज करता येईल.

आणि इथलंच आलंदूर. चेन्नईचं उपनगर, मलवाहिनी नव्हती. नगराध्यक्ष घरोघरी फिरले आणि प्रत्येक घराने जोडणीसाठी ५००० रुपये आधी जमा केले. काम सुरू होण्याआधी! उरलेल्यासाठी कर्ज आणि अनुदान मिळालं, कारण लोकांनी आपला वाटा टाकलेला होता. पार्ल्याच्या सेक्रेटरी म्हणतात तेच: पैसा कुठे गेला हे दिसलं तर लोक देतात.

कामगार_संघटक

एवढ्या चर्चेत माणूस राहिला. तुंबलेल्या जुन्या वाहिनीत शेवटी कुणाला तरी उतरवलं जातं. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा याला बंदी घालतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी किमान ३० लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. खासगी ठेकेदार सोसायट्यांच्या टाक्यांत आजही माणसं उतरवतात. वाहिनी सुस्थितीत असेल, मॅनहोल योग्य अंतरावर असतील, तर जेटिंग आणि सक्शन यंत्रांनी सगळं काम होतं. निधीतून यंत्रं आणि ती अरुंद गल्लीत जातील अशी लहान वाहनं यांचा खर्च पहिला काढा. यावर तडजोड नको.

पार्ल्याची_सेक्रेटरी

पूर्ण सहमत. आमच्या सोसायटीने टाकी साफ करण्याच्या करारातच लिहून घेतलं आहे की माणूस उतरणार नाही. बाकी सोसायट्यांनी मसुदा हवा असल्यास व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. पालिका अर्थसंकल्पासाठी नागरिकांच्या सूचना मागवते, पुढच्या वेळी हे पाठवावं असा विचार आहे. कच्चा मसुदा:

जी अर्थसंकल्पात मलवाहिनी नूतनीकरणाचा स्वतंत्र निधी असावा. त्यात मलनिःसारण आकाराचा ठरावीक हिस्सा आणि पुनर्विकासातून पाणलोटनिहाय घेतलेलं शुल्क जमा व्हावं. पहिल्या वर्षी रोखे नकोत, आधी कॅमेऱ्याने तपासणी आणि जाहीर यादी. यादीच्या आधारावर दुसऱ्या वर्षी २० वर्षांचे रोखे काढावेत. वाहिनी नसलेल्या वस्त्यांचा वाटा आधीच बांधलेला असावा. सफाई यंत्रांचा खर्च सर्वांत आधी. काँक्रीटचा रस्ता होण्याआधी खालच्या वाहिनीचा तपासणी अहवाल सक्तीचा. दरवर्षी वॉर्डनिहाय हिशेब.

वस्त्यांचा वाटा किती टक्के लिहू?

टेकडीवरची_सुनंदा

निम्मा लिहा. कमी करायला सांगणारे पुष्कळ भेटतील. आणि पाइप कमी उताराच्या, अरुंद गल्लीत बसेल असा लहान व्यासाचा चालेल, हेही लिहा. नाहीतर "जागा नाही" म्हणून परत येईल.

गिरगावची_चाळ

इमारतीपासून मॅनहोलपर्यंतचे ते वीस-तीस फूट राहिले अजून. पागडी आणि उपकरप्राप्त इमारतींसाठी ती जोडणी निधीतून करून द्यावी, मालकाकडून नंतर वसूल करावी. हे घातलंत तर आमच्या चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या मी आणून देतो.

खाडीकाठ

दोन्ही घातलं. अभियंता काका, लहान व्यासाच्या वाहिनीला किमान उतार किती धरायचा ते सांगाल का? आकडा चुकीचा जायला नको.

निवृत्त_अभियंता

सरसकट आकडा नको. प्रवाहाचा वेग दिवसातून एकदा तरी सेकंदाला ०.६ मीटरपर्यंत जाईल एवढा उतार हवा, असं लिहा. तेवढ्या वेगाला गाळ वाहून जातो. उतार कमी पडण्याची अडचण टेकडीवर येणार नाही, पायथ्याशी येईल. टेकडीवर उलट वेग फार वाढेल, तिथे वेग कमी करणारा मॅनहोल लागेल. उद्या रेखाटन काढून टाकतो.